शाईचा डाग : लिंबू कीं सोडा ?

ठाणें स्टेशनावर सकाळीं आठ-साडेआठच्या गर्दींत एखाद्या गृहस्थाच्या सदऱ्याच्या खिशाखालीं निळा डाग पसरूं लागलेला दिसला, कीं आजूबाजूचे चार प्रवासी त्याला उपाय सांगण्यास पुढें सरसावतात. एक म्हणतो, "घरीं गेल्याबरोबर लिंबू चोळा, साहेब." दुसरा त्याला अडवितो, "लिंबू मुळींच नको. धुण्याचा सोडा लावा." तिसरा दुधाचें नांव घेतो, आणि चौथा, जो बहुधा सर्वांत अनुभवी असतो, तो "आतां हा घरांत वापरायला काढा" एवढेंच बोलून पुन्हां आपल्या मोबाइलांत डोकें घालतो.

या चौघांपैकीं पहिले दोघे एकमेकांच्या अगदीं उलट बोलत असले, तरी खोटें कोणीच बोलत नसतो. एकानें लिंबानें डाग गेलेला पाहिलेला असतो, दुसऱ्यानें सोड्यानें गेलेला. ते दोन डाग एकाच शाईचे नव्हते, एवढीच गोष्ट दोघांच्या ध्यानांत आलेली नसते. फाउंटनपेनमध्यें भरावयाच्या शाया दिसावयास सारख्या निळ्या असल्या, तरी त्यांचीं कुळें निरनिराळीं आहेत. आणि एका कुळाचें जें औषध, तेंच दुसऱ्या कुळाचा डाग पक्का करून ठेवतें. शाळेच्या मुलाजवळ गणवेशाचे जोड मोजकेच असतात. त्यांतला एक शाईनें बिघडला, तर तो बहुधा सुधारतां येतो. परंतु घाईघाईनें केलेल्या उपायानें जो बिघडला, तो मात्र हातचा गेला असें समजावें.

पहिलें कुळ लोखंडाचें. त्याची ओळख करून घेण्यास प्रयोगशाळेंत जावयास नको. स्वयंपाकघरांतील विळी पुरे आहे. केळफूल किंवा कच्चें केळें लोखंडी विळीवर चिरलें, कीं बोटें काळीं पडतात आणि विळीचें पातेंहि काळवंडतें. म्हणून जाणत्या बायका चिरावयास बसण्यापूर्वीं हातांना तेल लावतात, आणि नंतर बोटें चिंचेनें किंवा पिळलेल्या लिंबाच्या सालीनें घांसतात. केळ्यांतील तुरट द्रव्य, ज्यास रसायनशास्त्रांत टॅनिन म्हणतात, तें आणि विळीचें लोखंड यांच्या संयोगानें तो काळा रंग तयार होतो. नेमक्या ह्याच संयोगावर शतकानुशतकें लिहिण्याची शाई करीत आले. युरोपांत तुरट द्रव्यासाठीं मायफळ वापरीत. तेंच मायफळ, जें आपल्याकडे बाळगुटींत उगाळतात. आपल्याकडे त्या जागीं हिरडा असे, आणि लोखंडासाठीं दोन्हीकडे हिराकस. जुन्या पोथ्यांची काजळाची शाई ही याहून अगदीं वेगळी. तींत दिव्याची काजळी डिंकांत खललेली असते, तेथें ना लोखंडाचा संबंध ना तुरटपणाचा.

हिराकस आणि टॅनिन यांचें ताजें मिश्रण अगदींच फिकें असतें. लिहितांना अक्षर दिसावें एवढ्यासाठीं त्यांत निळा रंग घालतात. कागदावर उतरल्यावर हवेंतील प्राणवायूचा संयोग होऊन तें हळूहळू काळें होतें. म्हणून आज निळें दिसणारें अक्षर उद्यां-परवां काळसर दिसूं लागतें. 'ब्ल्यू-ब्लॅक' हें नांव पडलें तें यामुळें. हें काळें झालेलें द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, आणि धाग्याच्या आंत शिरून बसतें. जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, दस्तऐवज, न्यायालयाचीं दप्तरें यांसाठीं ही शाई पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली ती ह्याच गुणामुळें. दप्तराचा जो गुण, तो सदऱ्याचा अवगुण होय.

या गुणावरूनच पुढची सर्व वागणूक ठरते. शाई काळी पडावयास वेळ लागतो, म्हणून पहिल्या घटका-दोन घटकांत थंड पाण्यानें ती बव्हंशीं निघून जाते. दुसऱ्या दिवशीं निघत नाहीं. शाई आम्ल असते, आणि त्या आम्लपणामुळेंच तिच्यांतील लोखंड विरघळलेल्या स्थितींत राहतें. साबण, सोडा किंवा धुण्याची पावडर लावली, कीं तो आम्लपणा नाहींसा होतो आणि लोखंड गंजाच्या रूपानें तेथल्या तेथें धाग्यांत बसतें. म्हणजे डाग धुण्याच्या खटाटोपांत आपण तो स्वतःच्या हातानें पक्का करतों. शाळेंतील मुलें शाई सांडली, कीं फळ्याजवळचा खडू घेऊन त्यावर फांसतात. खडू शाई शोषतो हें खरें. परंतु खडू आम्लपणा मारणाऱ्या जातीचा असला, तर या शाईवर त्याचा फायदा थोडा आणि तोटा अधिक.

दुसरें कुळ केवळ रंगाचें. त्यांत लोखंड नसतें. फाउंटनपेनचा प्रसार वाढला, तसतशी लोखंडी शाईची एक खोड लोकांना जाचूं लागली. तिचा गाळ पेनांत बसतो आणि आम्लानें निब खराब होते. तेव्हां पाण्यांत सहज विरघळणाऱ्या कृत्रिम रंगांच्या शाया पुढें आल्या. १९३१ सालीं अमेरिकेंत पार्कर कंपनीनें 'क्विंक' ही शाई बाजारांत आणली. योगायोग असा, कीं त्याच १९३१ सालीं इकडे मुंबईंत दांडेकर बंधूंनीं 'हॉर्स ब्रँड' या नांवानें शाईची पूड आणि गोळ्या विकण्यास आरंभ केला. गोळी पाण्यांत विरघळवावी आणि दौत भरावी, असा तो काळ होता. पुढें त्यांच्या शाईला 'कॅमल' हें नांव मिळालें. आणि 'कॅमल' व 'इंक' या दोन शब्दांची सांगड घालून 'कॅमलिन' हें जें नांव तयार झालें, तें मराठी मुलांच्या कंपासपेटीवर कित्येक पिढ्या वाचलें गेलें आहे. तिकडे बंगाल्यांत १९३४ सालीं स्वदेशीच्या प्रेरणेनें 'सुलेखा' शाई निघाली.

या दुसऱ्या कुळांत शाळकरी मुलांच्या दृष्टीनें महत्त्वाची ती धुतली जाणारी निळी शाई. बाटलीवर तिला 'वॉशेबल ब्ल्यू' किंवा 'रॉयल ब्ल्यू' म्हटलेलें असतें. हिच्या रंगाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. आम्लांत हा रंग निळाजर्द राहतो आणि सोड्यासारख्या पदार्थाची गांठ पडली, कीं तो फिका होत होत नाहींसा होतो. निळें अक्षर पुसून टाकणारें जें पांढरें पेन दुकानांत मिळतें, तें याच स्वभावाचा फायदा घेतें. म्हणून या डागावर साबण आणि सोडा हींच खरीं औषधें, आणि लिंबू निरुपयोगी. निरुपयोगीच काय, सोड्यानें नाहींसा झालेला रंग नीट खळबळून काढला नसेल आणि त्यावर लिंबू पिळलें, तर निळा डाग होता त्या जागीं पुन्हां उमटतो. घरांतील माणसें मग आश्चर्य करीत बसतात, कीं गेलेला डाग परत आला कसा. तो गेलाच नव्हता. दिसेनासा झाला होता.

गाडींतील दोघांचा वाद असा मिटतो. लिंबू लोखंडी शाईला, सोडा धुतल्या जाणाऱ्या निळ्या शाईला. आतां प्रश्न एवढाच उरतो, कीं घरांतील बाटली कोणत्या कुळाची हें ओळखावें कसें. बाटलीवरील नांवावर विसंबूं नये. 'ब्ल्यू-ब्लॅक' असें छापलेल्या पुष्कळ शायांत आज लोखंडाचा अंशहि नसतो. नुसत्या निळ्या व काळ्या रंगांचें तें मिश्रण असतें. त्यापेक्षां नवी बाटली घरांत आली त्याच दिवशीं एक लहानसा प्रयोग करून ठेवावा. चांगल्या कागदावर त्या शाईनें एक जाड रेघ ओढावी, दोन दिवस ती तशीच राहूं द्यावी, आणि मग कागद नळाच्या बारीक धारेखालीं धरावा. रेघ सगळीच्या सगळी वाहून गेली, तर शाई धुतली जाणारी. निळा रंग वाहून जाऊन खालीं राखी किंवा काळी रेघ शिल्लक राहिली, तर तींत लोखंड असण्याचा संभव फार. आणि रेघ जशीच्या तशी निळी किंवा काळी राहिली, तर तो कागदाला व सुताला चिकटून बसणारा पक्का रंग. त्याचा डाग सर्वांत हट्टी. राखी रेघेवर लिंबाचा थेंब टाकून ती फिकी पडते कीं काय तेंहि पाहावें, म्हणजे लोखंडाविषयीं शंका राहत नाहीं. परीक्षेचा निकाल बाटलीवरच चिठ्ठी डकवून लिहून ठेवावा. सांडल्यावर शोध करीत बसण्यास वेळ नसतो.

आतां सांडते कशी, याविषयीं थोडेंसें. ठाणें, डोंबिवली आणि कल्याण येथील नोकरदारांच्या खिशाला हें भय अंमळ जास्तच. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली, आणि तेव्हांपासून या गांवांची नोकरी व रेल्वे यांची जी गांठ पडली, ती अजून सुटलेली नाहीं. गर्दींत पेन चेंगरतें, असा सर्वांचा समज. वस्तुतः गळण्याचें मुख्य कारण उष्णता होय. पेन शाईनें अर्धें भरलेलें असलें, म्हणजे उरलेल्या जागेंत हवा असते. अंगाला अंग लागून उभ्या असलेल्या माणसांच्या छातीशीं तें पेन तासभर तापतें, आंतील हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. न्यूयॉर्कच्या वॉटरमन यानें १८८४ सालीं ज्या पेनाचा हक्क मिळविला, त्याची खुबी हीच होती, कीं शाई बाहेर येईल तेवढीच हवा बारीक चिरांतून आंत जावी. करारपत्रावर शाई सांडून त्याचें गिऱ्हाईक गेलें म्हणून त्यानें तो शोध लावला, अशी एक गोष्ट सांगतात; गोष्ट गोड आहे, पुरावा मात्र तिला नाहीं.

कल्याणला लोहमार्गाचे दोन फांटे होतात. एक कसाऱ्याकडे जाऊन थळघाट चढतो, दुसरा कर्जतवरून बोरघाट. पुण्यास जाणाऱ्याची गाडी कर्जत ते लोणावळें एवढ्यांत सुमारें साडेपांचशें मीटर चढते आणि बाहेरील हवेचा दाब शंभरांत सहा भागांच्या आसपास उतरतो. पेनांतील हवेला एवढें निमित्त पुरतें. म्हणून प्रवासांत पेन एक तर कांठोकांठ भरलेलें असावें, नाहीं तर रिकामें. आणि निब सदैव वर. ज्यांना तें जमत नाहीं, त्यांनीं तें खिशांत न ठेवतां पिशवींत उभें ठेवावें.

इतकें करूनहि शाई सांडतेच. कल्याणला पारनाक्याकडच्या एखाद्या जुन्या घरांत तिसऱ्या प्रहरीं शाळेंतून आलेलें मूल दारांतूनच ओरडतें, "आजी, शर्टावर शाई सांडली ग!" आणि आजी आंतून म्हणते, "सांडूं दे. चोळूं नकोस मात्र. आधीं ती बाटली आण बघूं, कोणती शाई आहे ती." ज्या घरांत आजी असें म्हणते, त्या घरांतील शर्ट वांचला असें खुशाल समजावें.

चोळूं नये, ही पहिली गोष्ट. चोळल्यानें डाग पसरतो आणि धाग्यांत खोल जातो. टीपकागद असेल तर उत्तम. नसेल तर जुनें सुती फडकें किंवा कागदी रुमाल घेऊन डागावर नुसता दाबावा, उचलावा, आणि प्रत्येक वेळीं कोरी जागा लावावी. दाबतांना कडेकडून मध्याकडे यावें. रुमालास निळें लागेनासें झालें, कीं कापड उलटें धरून मागच्या बाजूनें थंड पाण्याची धार सोडावी, म्हणजे शाई ज्या वाटेनें आली त्याच वाटेनें बाहेर जाते. पाणी गरम नसावें. कचेरींत असणाऱ्यानें निदान हातरुमाल ओला करून डाग ओला राखावा; डाग वाळला नाहीं एवढें साधलें, तरी संध्याकाळचें निम्में काम झालें. ताज्या डागाचा बहुतेक भाग या साध्या पाण्यानेंच निघतो, आणि हें पाणी कोणत्याहि कुळाच्या शाईला चालतें. म्हणून शाई ओळखतां आली नाहीं, तर पाण्यापलीकडे जाऊं नये.

पाणी स्वच्छ येऊं लागल्यावर मग शाईप्रमाणें उपचार. धुतली जाणारी निळी शाई असेल, तर नेहमींचा धुण्याचा साबण लावून दहा-पंधरा मिनिटें ठेवावा, धुवावा, आणि जरूर पडल्यास एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा अर्ध्या लिटर पाण्यांत घालून त्यांत सुती कपडा भिजवावा. नंतर तीन-चार पाणी बदलून खळबळावा. शिक्षकांच्या सदऱ्यावरील तांबड्या शाईचा डागहि बहुधा असाच जातो. ती पुष्कळदां इओसिन नांवाच्या रंगाची असते, तिला सुताची आवड नाहीं, आणि उन्हांत ती आपोआप फिकी पडते.

लोखंडी शाई असेल, तर साबणास हात लावण्यापूर्वीं लिंबू आणि मीठ. लिंबाचा रस डागावर पिळून वर बारीक मीठ पसरावें आणि कापड उन्हांत ठेवावें. रस वाळूं लागला कीं पुन्हां पिळावा. लिंबांतील आम्ल लोखंडाला आपल्याकडे ओढून घेतें आणि पाण्यांत विरघळवितें. विळीनें काळ्या झालेल्या बोटांना लिंबाची साल लावण्यांत जें होतें, तेंच येथें होतें. कमरख नांवाचें पांच कंगोऱ्यांचें आंबट फळ मिळालें, तर त्याचा रस याहून जोरदार, कारण त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असतें. हेंच आम्ल रसायनांच्या दुकानांत पांढऱ्या खड्यांच्या रूपानें मिळतें. जुन्या, वाळलेल्या डागाला तेंच लागतें. चहाचा एक लहान चमचा खडे पेलाभर कोमट पाण्यांत विरघळवावे, तें पाणी कापसाच्या बोळ्यानें डागावर लावावें, पांच-सात मिनिटांनीं धुवावें, आणि अशी दोन-तीन आवर्तनें करावीं. हें आम्ल विषारी आहे. हातांत रबरी मोजे असावे, पेला पुन्हां खाण्यापिण्यास वापरूं नये, आणि उरलेले खडे साखरेच्या डब्याशेजारीं तर कधींच ठेवूं नयेत. मुलांच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. काम संपल्यावर कपडा भरपूर पाण्यानें धुवावा. आम्लाचा अंश सुतांत राहून वरून इस्त्री फिरली, तर धागा कुजल्यासारखा तुटतो.

लोखंडाचा डाग उतरल्यावर त्यांतला निळा रंग क्वचित् मागें राहतो. त्याला मग साबण चालतो, परंतु आम्ल पुरतें धुऊन गेल्यावर. क्रम उलटा केला, कीं पुन्हां पहिल्यापासून.

येथें पाण्याविषयीं एक गोष्ट सांगावयास हवी. नगरपालिकेच्या नळाला उल्हास, बारवी, भातसा या नद्यांचें जें पाणी येतें, तें बरेंचसें मृदु असतें. परंतु नव्या वसाहतींतून विंधनविहिरीचें किंवा टँकरचें पाणी वापरण्याची पाळी येते, आणि तें बहुधा जड असतें. जड पाण्यांतील चुन्याशीं ऑक्झॅलिक आम्लाचा संयोग होऊन पांढरा साका बसतो व आम्ल फुकट जातें. साबणाचाहि फेंस न होतां चिकट मळ होतो. कांहीं विंधनविहिरींच्या पाण्यांत तर लोखंडच असतें. अशा पाण्यानें लोखंडाचा डाग धुणें म्हणजे पिवळ्यावर पिवळें चढविणें. डागापुरतें तांब्याभर नळाचें किंवा गाळणयंत्राचें पाणी घ्यावें.

आतांपर्यंत सांगितलें तें सुती आणि टेरिकॉट कपड्यांचें. रेशीम आणि लोंकर यांची गोष्ट निराळी, आणि ती कां निराळी हें डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतील कापड रंगविणाऱ्या कोणाहि कारागिराला ठाऊक असतें. शाईंत वापरतात त्या जातीचे पुष्कळ रंग सुतावर वरवर बसतात. परंतु रेशीम, लोंकर आणि नायलॉन यांना ते धरून राहतात, आणि त्यांना थोडें आम्ल व थोडी उष्णता दिली म्हणजे अधिकच घट्ट धरतात. रेशीम रंगवितात तें याच रीतीनें. म्हणजे पैठणीवर पडलेल्या निळ्या थेंबाला लिंबू लावून ऊन दाखविणें हें डाग काढणें नव्हे, तें रंगकाम होय. दुसऱ्या बाजूनें धुण्याचा सोडाहि रेशमाला व लोंकरीला मानवत नाहीं. त्यानें धागा निस्तेज होतो, लोंकर आटते. तेव्हां अशा वस्त्रावर टीपकागद आणि थंड पाणी एवढेंच करावें, आणि तें ओलें असतांनाच जाणत्या धुलाईवाल्याकडे न्यावें. रंगीत सुती कापड असेल, तर कोणताहि उपाय आधीं शिवणीच्या आंतल्या बाजूस करून पाहावा. डाग जावा आणि त्या जागीं पांढरा ठिपका यावा, यांत कांहींच मिळकत नाहीं.

ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचें पाणी यांचा मोह पुष्कळांना पडतो, कारण त्याचा परिणाम डोळ्यांदेखत होतो. पांढऱ्या सुती कपड्यावरील केवळ रंगाच्या शाईला तें पातळ करून, थोडा वेळ, चालतें. लोखंडी शाईवर तें घातलें, तर काळेपणा जातो आणि मागें गंजाचा पिवळा डाग राहतो, कारण ब्लीच रंग मारतें, लोखंडाला हात लावीत नाहीं. रेशीम व लोंकर यांना तर तें खाऊनच टाकतें. त्याऐवजीं औषधांच्या दुकानांतील हायड्रोजन पेरॉक्साइड, जें बहुधा शंभरांत सहा या प्रमाणाचें मिळतें, तें तितकेंच पाणी घालून पांढऱ्या कपड्यावर वापरणें पुष्कळ बरें.

परंतु ब्लीचची खरी भीति कपड्याला नाहीं, माणसाला आहे. डाग गेला नाहीं म्हणून ब्लीच लावलेल्या कपड्यावर लिंबू पिळणें, ऑक्झॅलिकचें पाणी ओतणें, किंवा संडास धुण्याचें आम्ल शिंपडणें, हा प्रकार घरोघर संभवतो, आणि तो प्राणावर बेतणारा आहे. ब्लीच आणि आम्ल यांचा संयोग झाला, कीं क्लोरीन नांवाचा हिरवट-पिवळा वायु सुटतो. १९१५ च्या एप्रिलांत बेल्जममध्यें ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनीं फ्रेंचांच्या खंदकांवर सोडला, तोच हा वायु. चाळींतील किंवा ब्लॉकांतील मोरी म्हणजे चार फूट बाय चार फूट जागा. खिडकी असली तर ती पावसाळ्यांत बंद. तेथें वांकून धूत बसलेल्या बाईच्या नाकातोंडांत तो थोडाहि गेला, तरी छाती जळजळते, खोकला आवरत नाहीं, आणि दमेकऱ्याची अवस्था तर कठीण होते. वास आल्याबरोबर हातांतलें तेथेंच टाकून बाहेर मोकळ्या हवेंत यावें, दारें-खिडक्या उघडाव्या, आणि श्वास सुधारला नाहीं तर डॉक्टर गांठावा. एका सदऱ्यासाठीं दोन बाटल्या एकत्र करूं नयेत. एक उपाय करून झाला आणि दुसरा करावयाचा असला, तर मध्यें कपडा पुरता धुवावा, आणि दुसरा उपाय दुसऱ्या दिवशींच करावा.

दुधाचें काय, असें गाडींतला तिसरा गृहस्थ विचारील. दुधानें डाग फिका होतो हें खोटें नाहीं. परंतु दुधांत बहुतेक पाणीच, आणि काम करतें तें मुख्यतः पाणी. वर स्निग्धांश आणि आंबूस वास राहतो तो निराळा. दांतांची पेस्ट, बटाट्याची फोड वगैरेंविषयीं न बोललेलें बरें. २०२० च्या साथीपासून घरोघर हात स्वच्छ करण्याचा जो मद्यार्काचा द्रव आला, तो शाईच्या डागावर चालतो असें ऐकूं येतें. तें खरें आहे, पण बॉलपेनच्या शाईविषयीं. तिचे रंग तेलकट द्रवांत कालवलेले असतात व ते मद्यार्कांत सुटतात. फाउंटनपेनची शाई पाण्याची असते, तिला त्याचा उपयोग थोडा. येथेंहि गोंधळ पुन्हां तोच, एका कुळाचें औषध दुसऱ्याला.

आणि जो डाग काढण्याची कोणास इच्छाच नसते, असा एक डाग प्रत्येक जुन्या घरांतील धोतराच्या कोपऱ्यावर असे. परीट लोक कपडे ओळखण्यासाठीं बिब्ब्याच्या रसानें खूण करीत आणि तिला चुना लावीत. ती काळी खूण सोड्यालाहि दाद देत नसे आणि लिंबालाहि. कापड विरून फाटलें तरी खूण कायम. परदेशी ग्रंथांतहि बिब्ब्याला 'मार्किंग नट', म्हणजे खूण करण्याची बी, असेंच म्हणतात.

परिटाची गोष्ट निघाली म्हणून शेवटची सूचना त्याच्याचविषयीं. डाग निघाला नाहीं, तर त्या कपड्यावर इस्त्री फिरवूं देऊं नये, आणि तो धुण्याच्या यंत्रांत गरम पाण्याच्या खटक्यावरहि टाकूं नये. उष्णतेनें उरलासुरला डाग बसतो. तो कपडा इतर कपड्यांच्या बोचक्यांत न घालतां वेगळा द्यावा, आणि सोबत चिठ्ठी द्यावी: शाई कोणती, सांडून किती दिवस झाले, आणि घरीं आतांपर्यंत काय काय लावून झालें. यांपैकीं तिसरी गोष्ट सांगावयास लोक लाजतात, आणि धुलाईवाल्याला नेमकी तीच कळणें सर्वांत जरुरीचें असतें. कारण घरीं ब्लीच लावलेलें आहे हें ठाऊक नसतांना त्यानें आपल्या दुकानांत त्यावर आम्ल ओतलें, तर वायु त्याच्या नाकांत जावयाचा.